जाई, जुई आणि पानाच्या बुडाशी असलेले दोन कान

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत पावसाळा तोंडावर आला की कोणी ना कोणी नर्सरीतली काळी पिशवी घेऊन लिफ्टमध्ये भेटतं. काय आणलंत म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं : "जाईजुई." एका दमात, एकाच झाडाचं नाव असल्यासारखं. गाण्याबिण्यात जोडीने म्हणायला हरकत नाही, पण कुंडीत दोघी निरनिराळ्या आहेत. छाटणीची वेळ वेगळी, पान वेगळं, फुलाचा आकार वेगळा. हे सांगून सांगून मी थकले आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

जाईबद्दल फार लिहीत नाही, ती बहुतेकांना ओळखता येते. कळीला बाहेरून गुलाबी-जांभळी झाक, उमललं की पाच पाकळ्यांचं टपोरं फूल. पान कढीपत्त्याच्या काडीसारखं : एका देठावर समोरासमोर सात-नऊ पर्णिका, टोकाची सगळ्यांत मोठी आणि वरची जोडी बहुधा तिला चिकटलेली. हिंदीत जिला चमेली म्हणतात ती हीच. संस्कृतात जाती. घरात जखमेवर लावायला जात्यादि तेल असेल तर त्यात हिचाच पाला असतो. ही काडी एकदा पाहिली की जाई चुकत नाही.

घोळ होतो तो जुईत, आणि तोही जाईमुळे कमी, कुंदामुळे जास्त.

झालं असं की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या वर्षी एका नर्सरीतून जुई आणली. सगळा पावसाळा वाट पाहिली, फूल नाही. दिवाळी झाली आणि थंडीत वेल एकदम पांढरीशुभ्र झाली, पण वास जवळजवळ नाहीच. "अहो, माझ्या जुईला वास का येत नाही?" म्हणून विचारत त्या एक फांदीच घेऊन खाली आल्या. ती जुई नव्हतीच, कुंद होता. त्यात काकूंची चूक नाही. जुईचं आणि कुंदाचं पान लांबून सारखंच दिसतं : दोन्ही साधी, अंडाकृती, मऊ लव असलेली, समोरासमोर. विकणाऱ्यालाही बऱ्याचदा फरक माहीत नसतो.

फरक पानाच्या देठावर आहे. जुईचं एक चांगलं पोसलेलं पान चिमटीत धरा आणि ते खोडाला जिथे जोडलेलं आहे तिथून पात्यापर्यंत देठ बारकाईने बघा. पात्याच्या खाली दोन इवलीशी गोलसर पानं दिसतील, एक डावीकडे, एक उजवीकडे, तान्ह्या उंदराच्या कानांएवढी. जुईचं पान खरं तर तीन दलांचं असतं. मधलं दल मोठं होतं, बाजूची दोन तशीच खुजी राहतात. तिच्या शास्त्रीय नावातला 'ऑरिक्युलेटम' हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या कानावरूनच आलेला आहे. कुंदाचं पान सरळ एकच, देठाला काही नाही.

इथे आणखी एक गल्लत होते. ते कान पाहून काही जण म्हणतात, नवी पालवी फुटतेय. पालवी देठावर फुटत नाही. ती फुटते पान आणि खोड यांच्या बेचक्यातल्या डोळ्यातून. डोळा खोडाला चिकटून असतो, कान त्याच्यापुढे देठावर. बोटाने चाचपलं तरी कळतं. आणि एकाच पानावरून निकाल लावू नका. जुईच्या काही पानांना कान येतच नाहीत, विशेषतः किरकोळ फांद्यांवर. पाच-सात पानं बघा. एकावर जरी कान सापडले तरी तो कुंद नव्हे. रोपावर फूल असेल तर काम आणखी सोपं : कुंदाच्या फुलाच्या बुडाशी लांब, केसाळ हिरवे धागे असतात, जुईच्या फुलाला तिथे बारीक दातरं असतात, सहज दिसतही नाहीत.

पाकळ्या मोजून ओळखायला जाऊ नका. जुईला पाच ते आठ कितीही येतात. जुईचं फूल जाईपेक्षा लहान असतं आणि कळी निखळ पांढरी, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं.

आता लावण्याचं. दोघींनाही निदान चार-पाच तास ऊन हवं. समोर टॉवर उभा राहिल्यामुळे गॅलरीत दिवसभर सावली असेल तर या दोघींचा नाद सोडा; खत घालून उन्हाची भरपाई होत नाही. बारा इंची कुंडी घ्या. पिशवीतला लाल मातीचा घट्ट गोळा तसाच कुंडीत ठेवू नका. आपल्या पावसात तो चिखल धरतो आणि मुळं कुजतात. कडेची माती बोटांनी मोकळी करा, शेणखत आणि थोडी रेती मिसळा, आणि कुंडीच्या बुडाची भोकं उघडी आहेत का ते जूनच्या आधी तपासा.

छाटणीच्या बाबतीत मी हट्टी आहे. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे जुन्या फांद्यांचं जंजाळ ग्रिलवर जपून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. तमिळनाडूत जुईची, म्हणजे त्यांच्या मुल्लैची, शेती होते. तिथले शेतकरी ती जानेवारीच्या अखेरीस दीड फुटापर्यंत खाली आणतात. जाई मात्र महिनाभर आधी, डिसेंबरच्या शेवटी, आणि जरा वर, अडीच फुटांवर. मी गॅलरीतही हेच करते. "जीव होत नाही हो कापायला" म्हणणाऱ्यांच्या वेली पुढे पानांनी भरतात, फुलांनी नाही.

दोघींतली एकच ठेवायची असेल तर मी जुई ठेवीन. जाईचा वास खोली भरून टाकतो, जुईचा जवळ गेल्यावरच येतो, आणि मला तोच आवडतो. कळ्या पांढऱ्या होऊन फुगल्या, पण अजून मिटलेल्या असल्या की संध्याकाळ व्हायच्या आत खुडायच्या, ओल्या रुमालात सैल गुंडाळायच्या. रात्रीची जेवणं होईतो रुमालातच उमलतात.