ओडेसी अँड ऑरॅकल

‘द झॉम्बीज’ या इंग्लिश पॉप बँडचा सायकेडेलिक (स्वप्नवत, भासमय संगीताच्या) काळातला अल्बम (१९६८). सेंट ऑल्बन्स गावच्या शाळकरी मित्रांचा हा बँड. रॉड आर्जंट (कीबोर्ड), कॉलिन ब्लन्स्टोन (गायन), ख्रिस व्हाइट (बास), पॉल अ‍ॅटकिन्सन (गिटार) आणि ह्यू ग्रंडी (ड्रम) असे पाच जण. १९६४ च्या ‘शीज नॉट देअर’ने ते अमेरिकेतही गाजले, पुढची गाणी मात्र मायदेशात चालेनात. फुटण्याआधी एक अल्बम तरी आपल्या मनासारखा करायचा, या इराद्याने त्यांनी सीबीएस कंपनीशी करार केला. हाती पडले जेमतेम १,००० पौंड.

ध्वनिमुद्रण १९६७ च्या जूनमध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत सुरू झाले. बीटल्स तिथले ‘सार्जंट पेपर’ संपवून नुकतेच बाहेर पडले होते आणि त्यांचे मेलोट्रॉन मागेच राहिले होते. पट्टी दाबली की बासरी किंवा व्हायोलिनची ध्वनिफीत वाजवणारे हे यंत्र झॉम्बीजना आयतेच मिळाले. भाड्याचा वाद्यवृंद परवडणार नव्हताच. स्टुडिओचा वेळही महाग, म्हणून गाणी आधी तालमीत पक्की करून मगच मुद्रित केली. त्या काळच्या अनेक सायकेडेलिक अल्बमांतला सैलपणा इथे नाही, ते बहुधा यामुळेच. बारा गाणी, सगळी मिळून सुमारे ३५ मिनिटे.

गाण्यांचे विषय वेगळे आहेत. ‘केअर ऑफ सेल ४४’ची चाल अगदी उल्हसित, पण ते आहे तुरुंगातून सुटणाऱ्या प्रेयसीला लिहिलेले पत्र. ‘बुचर्स टेल’मध्ये पहिल्या महायुद्धात लढणारा एक खाटीक बोलतो. हे गाणे व्हाइटने स्वतः गायले. साथीला पायाने भाता हलवायचा जुना ऑर्गन. संगीत नाटक पाहिलेल्या मराठी कानांना तो सूर ओळखीचा वाटेल, मात्र इथे त्याने अंगावर काटा येतो.

सीबीएसला स्टिरिओ (दोन बाजूंनी वेगवेगळा आवाज देणारी) आवृत्तीही हवी होती. तिचा खर्च आर्जंट आणि व्हाइट यांनी आपल्या मानधनातून सोसला. मुखपृष्ठ काढणाऱ्या टेरी क्वर्कने ‘ओडिसी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये चूक केली, ती छपाईपर्यंत कोणाच्या ध्यानात आली नाही. ते मुद्दाम केले आहे, अशी सारवासारव बँडने पुढे बरीच वर्षे केली.

एप्रिल १९६८ मध्ये अल्बम आला तेव्हा बँड उरलाच नव्हता. आधीच्या डिसेंबरमध्येच सगळे पांगले होते. संगीतकार अल कूपरच्या आग्रहामुळे अल्बम अमेरिकेत प्रकाशित झाला आणि १९६९ मध्ये ‘टाइम ऑफ द सीझन’ हे गाणे तिथल्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ब्लन्स्टोन तोवर विमा कंपनीत कारकुनी करत होता. खरे झॉम्बीज परत येईनात, तेव्हा त्यांचे नाव लावून तोतये अमेरिकेत दौरे करू लागले. अशाच एका तोतया बँडचे बासवादक आणि ड्रमवादक पुढे ‘झीझी टॉप’ या अमेरिकी रॉक बँडमध्ये नावारूपाला आले.

पॉल वेलरसारख्या पुढच्या पिढीतल्या संगीतकारांनी अल्बमची थोरवी सांगितली. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने त्याला पाचशे श्रेष्ठ अल्बमांत ८० वे स्थान दिले, तर २०१३ मध्ये एमिनेमने ‘टाइम ऑफ द सीझन’चा तुकडा आपल्या रॅपमध्ये वापरला. अ‍ॅटकिन्सन २००४ मध्ये वारला. उरलेल्या चौघांनी २००८ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये अख्खा अल्बम प्रथमच प्रेक्षकांसमोर वाजवला, निघाल्यानंतर चाळीस वर्षांनी.