फ्लॅन्ज किती रुंद, किती जाड?

सांगलीत गोदामाची शेड उभारायची म्हटलं की कुपवाडच्या फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न ठरलेला: किलोला काय भाव? पोलाद वजनावर विकलं जातं. तेवढ्याच वजनात रुंद, उंच आणि पातळ गर्डर बसला तर गिऱ्हाईक खूश. कागदावर त्याची ताकद जास्तही भरते, कारण मध्यरेषेपासून पोलाद जितकं लांब, तितका वाकण्याला विरोध अधिक. मात्र या हिशेबात गर्डरची प्रत्येक पट्टी सपाटच राहील असं धरलेलं असतं.

छताचं वजन आलं की आडव्या गर्डरचा वरचा फ्लॅन्ज, म्हणजे आय आकारातली वरची आडवी पट्टी, दाबला जातो. तो फार पातळ असेल तर पोलादाची ताकद संपायच्या आधीच त्याच्या मोकळ्या कडेला लाटा उठतात. हे स्थानिक बकलिंग. ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज ब्रायन यांनी 1891 मध्ये प्लेटच्या बकलिंगचं गणित मांडलं. जाडी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, की लाट उठायला पूर्वीच्या पाव हिश्श्याचा ताण पुरतो.

म्हणून पोलादी बांधकामाचं भारतीय मानक आयएस 800 (2007) रुंदी भागिले जाडी बघून गर्डरच्या छेदांचे (आडव्या कापाच्या आकारांचे) चार वर्ग पाडतं: प्लास्टिक, कॉम्पॅक्ट, सेमी-कॉम्पॅक्ट, स्लेंडर. साध्या 250 मेगापास्कलच्या (एवढा ताण सोसेपर्यंत कायमचं न वाकणाऱ्या) पोलादाच्या, रोल केलेल्या आय सेक्शनला फ्लॅन्जची निम्मी रुंदी भागिले जाडी या गुणोत्तराच्या पहिल्या तीन वर्गांच्या मर्यादा आहेत 9.4, 10.5 आणि 15.7. त्यापुढे स्लेंडर, म्हणजे ताकद संपायच्या आधीच लाट उठणारा. आयएसएमबी 200 या तयार मिळणाऱ्या, 200 मिमी उंच आय गर्डरचा फ्लॅन्ज 100 मिमी रुंद, सुमारे 10 मिमी जाड. गुणोत्तर 5, म्हणजे निर्धास्त. पंचाईत होते ती प्लेटा वेल्ड करून बनवलेल्या गर्डरांत, आणि तिथे मर्यादाही कडक: पहिलीच 8.4.

भारी ग्रेडचं पोलाद घेतलं तर सुटका होईल? उलट होतं. बकलिंगला अडवतो तो पोलादाचा ताठपणा, आणि तो सगळ्या ग्रेडमध्ये जवळपास सारखाच. 410 मेगापास्कलच्या पोलादात 9.4 ची मर्यादा 7.3 वर उतरते, कारण जास्त ताण सोसेपर्यंत पट्टी सरळ राहायला हवी.

वेबला, म्हणजे दोन फ्लॅन्जांमधल्या उभ्या पट्टीला, मात्र उंची भागिले जाडी 84 पर्यंत मुभा आहे. त्याच्या दोन्ही कडा फ्लॅन्जनी धरलेल्या असतात, शिवाय त्याचा निम्मा भाग दाबला न जाता ओढला जात असतो. कडा धरण्याचा हा फायदा छताच्या सी पर्लिनमध्ये (पत्रे ज्यावर बसतात त्या सी आकाराच्या आडव्या पट्टीत) उघड दिसतो. तिच्या फ्लॅन्जची कड आत दुमडलेली असते, तिला लिप म्हणतात. पुरेशी खोल लिप असेल तर मोकळी कड धरली जाते आणि लाट उठायला साधारण नऊपट ताण लागतो. पर्लिन घेताना गेज (पत्र्याची जाडी) सगळेच विचारतात. लिप किती मिमीची, हेही विचारावं.