बंद शाळांच्या इमारती: विकायच्या कोणाला हा वाद कुठून आला

शहरातली सरकारी शाळा बंद होते तेव्हा पटसंख्या, शिक्षकांच्या बदल्या, मुलांची फरफट यावर भरपूर बोललं जातं. इमारतीचं पुढे काय झालं हे फारसं कोणी विचारत नाही, आणि गंमत नाही, खरं भांडण बऱ्याचदा तिथेच असतं.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर विटांच्या उंच, तीन मजली शाळा उभ्या राहिल्या, मुलांचं दार वेगळं, मुलींचं वेगळं, वर तशी अक्षरं कोरलेली. शहराच्या मध्यभागातली वस्ती कमी झाली आणि त्यातल्या बऱ्याच शाळांचे पुढे फ्लॅट झाले. क्योतोमध्ये 1869 साली वस्त्यांनी स्वतः वर्गणी काढून 64 प्राथमिक शाळा सुरू केल्या, त्यामुळे शाळा बंद झाली तरी जागेवर आपला हक्क आहे असं तिथले लोक मानतात, आणि त्यातल्याच एका शाळेत 2006 पासून मांगा म्हणजे जपानी कॉमिक्सचं म्युझियम आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये 1976 साली एक पडीक शाळा कलाकारांना मिळाली, आज ते समकालीन कलेचं मोठं केंद्र आहे.

अशी उदाहरणं वाचली की वाटतं सोपं आहे. काही अंशी आहेही, कारण जुनी वर्गखोली म्हणजे साधारण 800-900 चौरस फूट, उंच छत, मोठ्या खिडक्या, एका खोलीत एक छोटा फ्लॅट आरामात बसतो. पण जिम, सभागृह, रुंदच्या रुंद कॉरिडॉर यांचं करायचं काय? अमेरिकेत ऐतिहासिक इमारतीसाठी करसवलत हवी असेल तर हे कॉरिडॉर सहसा तोडूही देत नाहीत, म्हणजे भाडं न देणारी जागा तशीच सांभाळायची. त्यात ॲसबेस्टॉस, गळकं छप्पर, जुना बॉयलर. कुलूप लावून हीटिंग बंद केलं की एका हिवाळ्यात पाइप फुटतात, मग तांब्याची वायर आणि पाइप चोरायला लोक घुसतात, आणि दोन-तीन वर्षांत दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या वर जातो.

अमेरिकेत हे सगळं मोठ्या प्रमाणावर समोर आलं ते 2010 पासून. कॅन्सस सिटीने 2010 मध्ये जवळपास निम्म्या शाळा बंद केल्या, 2013 मध्ये शिकागोने पन्नासच्या आसपास आणि फिलाडेल्फियाने दोन डझनाच्या आसपास. त्याच वर्षी 12 शहरांचा एक अभ्यास आला, त्यात 267 इमारती विकल्या, भाड्याने दिल्या किंवा दुसऱ्या कामाला लावल्या असं दिसलं आणि 301 तशाच पडून. मार्गी लागलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून जास्त चार्टर शाळांकडे गेल्या होत्या, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या पण शाळा मंडळाच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, हाताखाली नसलेल्या शाळांकडे.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जे, त्यालाच विकायचं नाही असं काही मंडळांनी ठरवलं होतं. खरेदीखतातच अट घालायची की आमच्या परवानगीशिवाय इथे शाळा चालवायची नाही. सेंट लुइसमध्ये तर ही अट शंभर वर्षांची होती आणि मनाई असलेल्या वापरांच्या यादीत दारूच्या दुकानाच्या जोडीला चार्टर शाळा होती! मंडळाची बाजू अगदीच खोटी नाही, प्रत्येक मूल गेलं की त्याच्यामागचा निधीही जातो, मग ते मूल नेणाऱ्याला आपणच इमारत का द्यायची? पण ती इमारत त्याच करदात्यांच्या पैशातून बांधलेली, शेजारची मुलंही तीच, आणि शाळा म्हणून वापरता येणार नाही म्हटल्यावर शाळेसाठी बांधलेल्या इमारतीला गिऱ्हाईक उरतं किती? माझ्या मते या अटीने मुलं थांबली नाहीत, इमारती मात्र कुजल्या.

मग राज्य सरकारं मध्ये पडली आणि उलटं टोक गाठलं. इंडियानात 2011 च्या कायद्याने न वापरलेली इमारत चार्टर शाळेला एक डॉलरमध्ये देणं भाग पडलं. बाजारात लाखो डॉलर आणू शकणारी इमारतसुद्धा आधी एक डॉलरला देऊ करायची, तोपर्यंत राखणदारी आणि विमा मंडळाच्याच डोक्यावर, हेही काही बरोबर नाही. मिलवॉकीत इमारती कागदोपत्री शहराच्या नावावर आणि ताबा शाळा मंडळाकडे, त्यामुळे निर्णय कोणाचा हाच प्रश्न, शेवटी 2015 मध्ये राज्याने शहराला रिकाम्या शाळा विकायला लावणारी तरतूद केली.

डेट्रॉइटची एक केस मात्र नीट बघण्यासारखी आहे. पूर्व भागातली एक बंद प्राथमिक शाळा मंडळाने खासगी मालकाला विकलेली, तिथून ती एक चार्टर शाळा घ्यायला निघाली, तर जुन्या खरेदीखतातली अट दाखवून मंडळाने परवानगी नाकारली. म्हणजे विकणारा तयार, घेणारा तयार, आणि जागा आता मालकीची नसलेलं मंडळ अडवतंय. प्रकरण कोर्टात गेलं, 2018 च्या सुरुवातीला मिशिगन राज्याने अशा अटींवर कायद्याने बंदी आणली, त्यानंतर तडजोड झाली आणि त्या इमारतीत पुन्हा शाळा भरायला लागली.

जपानने दुसरा रस्ता धरला. तिथे दरवर्षी साडेचारशेच्या आसपास सरकारी शाळा बंद होतात, आणि 2010 पासून केंद्रीय पातळीवर रिकाम्या शाळांची यादी जाहीर करून वापरणारे शोधले जातात. 2002 ते 2020 मध्ये बंद झालेल्यांपैकी उभ्या असलेल्या इमारतींतल्या जवळपास तीन चतुर्थांश कुठल्या ना कुठल्या वापरात आहेत. अमेरिकन शहरांत असं एकत्र चित्र बघायची सवय उशिरा लागली, डेट्रॉइटने साठेक रिकाम्या शाळांची एकेक करून पाहणी करून कुठली वाचवता येईल आणि खर्च किती याचा अहवाल काढला तो 2021 मध्ये, तोपर्यंत त्यातल्या कित्येकींचे पाइप, खिडक्या आणि छप्पर गेलेलं होतं.