जुन्या आर्केड बोर्डांवरील चिपांचे वाचन : बोर्ड पाठवण्यापूर्वी कृपया हे वाचावे

आमच्याकडे चिपांतील मजकूर वाचून जतन करण्यासाठी येणाऱ्या जुन्या आर्केड बोर्डांपैकी (म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमधील यंत्रांच्या सर्किट बोर्डांपैकी) बऱ्याच बोर्डांवरील चिपांची लेबले आमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच काढलेली असतात. काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. चिपेचा प्रकार कळवला तर काम लवकर होईल, या समजुतीने लेबल सोलून खालचा 2732 किंवा 27256 असा क्रमांक वाचला जातो आणि त्याचे छायाचित्र आम्हाला पाठवले जाते. त्या क्रमांकावाचून आमचे काही अडत नाही. लेबलावाचून मात्र अडते. म्हणून आमची मुख्य विनंती अशी, की बोर्ड जसा आपल्या हाती आला तसाच, एकही चिप न उपसता आणि एकही लेबल न सोलता आमच्याकडे द्यावा.

लेबलाचे पहिले काम झाकण्याचे आहे. ईप्रॉम जातीच्या, म्हणजे मजकूर पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या, चिपेच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी असते आणि तिच्यातून अतिनील किरण आत गेले, की चिपेतील मजकूर पुसला जातो. पुसण्याच्या खास दिव्याखाली याला 15 ते 20 मिनिटे लागतात, पण दिवा नसला तरी पुसणे पूर्णपणे थांबत नाही. उघडी खिडकी थेट उन्हात राहिल्यास साधारण एका आठवड्यात आणि खोलीतील ट्यूबलाइटखाली साधारण 3 वर्षांत चिप पुसली जाऊ शकते, असे इंटेलने 2716 या चिपेच्या तांत्रिक माहितीतच नमूद केले होते. हे आकडे धडधाकट चिपेचे आहेत. मजकूर चिपेत विद्युतभाराच्या रूपात साठलेला असतो. 40 वर्षे पडून राहिलेल्या चिपेतील हा भार मुळातच ओसरत आलेला असू शकतो आणि तिला एवढीही मुदत मिळेल याची खात्री नसते. छायाचित्र स्वच्छ यावे म्हणून लेबले काढलेला बोर्ड गच्चीत उन्हात नेणारे ग्राहकही आम्हाला भेटलेले आहेत.

अशी अर्धवट क्षीण झालेली चिप वाचता येत नाही असे नाही, परंतु ती एका वाचनात खरे सांगत नाही. पूर्ण पुसलेल्या ईप्रॉममधील प्रत्येक बिट 1 असतो. त्यामुळे भार ओसरू लागला की लिहिलेले 0 हळूहळू 1 कडे झुकतात आणि एकच बिट एका वाचनात 0, तर दुसऱ्या वाचनात 1 दिसतो. पुरवठ्याचा दाब 5 व्होल्टवरून किंचित खाली आणल्यास असे अनेक बिट पुन्हा स्थिरपणे 0 दाखवतात. आम्ही प्रत्येक चिप वेगवेगळ्या दाबांवर अनेकदा वाचतो, वाचनांची एकमेकांशी तुलना करतो आणि जिथे मेळ बसत नाही ते पत्ते अहवालात स्वतंत्रपणे नोंदवतो. ‘वाचन मिनिटभराचे, मग पैसे कशाचे?’ या वारंवार येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. मिनिटभरात जे मिळते ते पहिले वाचन असते.

घरी प्रोग्रॅमर, म्हणजे चिपा वाचण्या-लिहिण्याचे यंत्र, असणाऱ्यांसाठी एक सूचना. अनेक प्रोग्रॅमरच्या सॉफ्टवेअरमध्ये चिपेची ओळख आधी तपासण्याचा पर्याय मुळातच चालू असतो. ही ओळख विचारताना चिपेच्या एका पायाला सुमारे 12 व्होल्ट द्यावे लागतात आणि ज्या जुन्या चिपांत ती सोयच नाही, त्यांना तो दाब सोसेलच असे नाही. शिवाय टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस 2716 ही चिप इंटेलच्या 2716 सारखी नाही. तिला वेगवेगळ्या दाबांचे तीन वीजपुरवठे लागतात. नावावर विसंबून ती साध्या 2716 म्हणून लावली, तर निदान वाचन तरी चुकतेच. चिपेचा प्रकार आम्ही बोर्डावरील जोडणीवरून ठरवतो आणि अगदीच गरज पडली तर छायाचित्र घेऊन, मंद प्रकाशात, लेबलाची केवळ कड उचलतो.

लेबलाचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. बाजारात आलेल्या खेळाच्या बोर्डावरील चिपांना बहुधा छापील क्रमांक असतात. अटारीच्या चिपांवर 136 ने सुरू होणारे क्रमांक हे त्याचे ओळखीचे उदाहरण. विकसनाच्या, म्हणजे खेळ तयार होत असतानाच्या, बोर्डावर मात्र अभियंत्याने पेनाने लिहिलेले असते : बोर्डावरील जागा, तारीख, आणि पुष्कळदा चार अक्षरी चेकसम, म्हणजे चिपेतील सगळ्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची बेरीज. तो चेकसम आमच्या वाचनाशी जुळला, तर त्या चिपेतील मजकूर लिहिल्या दिवशी होता तसाच आहे याचा इतका चांगला पुरावा दुसरा नसतो. एकाच बोर्डावर चार चिपांची तारीख एक आणि पाचवीची नंतरची असेल, तर त्या एका भागावर पुढेही काम चालू होते हे समजते. ही माहिती चिपेच्या आत कुठेही नसते.

लेबले गेली आणि चिपाही उपसून एका पिशवीत आल्या, तर क्रम आम्हाला शोधून काढावा लागतो. आठ सारख्या चिपा आठ जागी बसवण्याचे 40,320 मार्ग आहेत. सगळे करून पाहावे लागत नाहीत हे खरे, कारण प्रोग्रॅमच्या चिपा काही खुणा देतात. 6502 प्रोसेसर सुरू होताना एफएफएफसी आणि एफएफएफडी या पत्त्यांवर आरंभाचा पत्ता शोधतो, म्हणून सर्वांत वरच्या जागेची चिप ओळखता येते. 68000 प्रोसेसर असेल तर सम आणि विषम बाइट दोन वेगळ्या चिपांत विभागलेले असतात आणि जोडी जुळली की आतील इंग्रजी अक्षरे वाचता येऊ लागतात. चित्रांच्या चिपांत अशी सोय नाही. एकाच आकृतीच्या रंगांचे थर तीन-चार चिपांत वाटलेले असतात आणि थरांची अदलाबदल झाली, तर चित्र दिसते, पण चुकीच्या रंगांत. बाजारात आलेल्या खेळाशी ताडून ही चूक पकडता येते. जो खेळ कधी बाजारात आलाच नाही, त्याचे खरे रंग कोणते हे सांगायला त्या लेबलांखेरीज कुणी नसते. ज्या कामाचे अतिरिक्त शुल्क आम्हाला लावावे लागते ते हेच, आणि ते लावायला आम्हालाही आवडत नाही.

‘माझ्या बोर्डावर हरवलेला खेळ असू शकेल का?’ असेही विचारले जाते. असू शकतो, अशी उदाहरणे झालेली आहेत. अटारीचा ‘अक्का अर्‍ह’ हा 1982 चा खेळ चाचणीपुढे गेला नाही, त्याची मोजकीच यंत्रे उरली आणि त्याचा प्रोग्रॅम 2019 मध्ये सर्वांसमोर आला. ‘मार्बल मॅडनेस’चा 1991 मधील अप्रकाशित दुसरा भाग 2022 मध्ये उपलब्ध झाला. मात्र आपल्याकडील व्हिडिओ गेम पार्लरमधून निघालेल्या बोर्डांबाबत आम्ही फार आशा दाखवत नाही. त्यांत नकली बोर्ड पुष्कळ असतात आणि नकली बोर्डावरही ईप्रॉमच असतात, वर पेनाने 1, 2, 3 लिहिलेले. तेवढ्यावरून तो प्रोटोटाइप (बाजारात येण्यापूर्वीचा नमुना) ठरत नाही; बहुतेक वेळा तो आपला ‘मुस्तफा’ म्हणजे कॅपकॉमचा 1993 चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ निघतो. म्हणून आम्ही प्रथम वाचलेल्या फाइली मेमच्या (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) परिचित नोंदींशी ताडून पाहतो आणि खेळ आधीच जतन झालेला असल्यास तसे सांगून पुढील काम थांबवतो. त्या टप्प्यापर्यंत फक्त वाचनाचे शुल्क पडते.

बोर्ड चालतो की नाही हे पाहण्यासाठी कृपया त्याला वीज देऊ नये. बोर्ड यंत्राला जोडण्याची 56 संपर्कांची प्रमाणित ‘जामा’ जोडणी 1985 पासूनची आहे. त्याआधीच्या बोर्डांना ती लागू नाही आणि नंतरच्या विकसन बोर्डांवर तशीच दिसणारी कड असली तरी तारांची रचना तीच असेल असे धरून चालता येत नाही. 12 व्होल्ट चुकीच्या पट्टीवर गेले, की ज्या चिपांसाठी एवढा खटाटोप करायचा त्याच पहिल्यांदा जातात. याच कारणाने आम्हीही आलेला बोर्ड ग्राहकासमोर चालवून दाखवत नाही. आधी वाचन होते, मग वीज.

बॅटरीबाबत सरसकट नियम नाही. निकेल-कॅडमियमची गळकी बॅटरी तांब्याच्या पट्ट्या खाते, म्हणून ती काढावी लागते. पण सेगाच्या एफडी 1094 प्रोसेसरमधील किंवा कॅपकॉमच्या सीपीएस-2 बोर्डावरील बॅटरी सांकेतिक कळ (प्रोग्रॅम उलगडण्याची एन्क्रिप्शन की) सांभाळत असते आणि ती काढताच कळ नाहीशी होते. बाजारात आलेल्या खेळांच्या कळा आता माहीत आहेत व सीपीएस-2 मध्ये त्या पुन्हा भरताही येतात. परंतु अप्रकाशित आवृत्तीची कळ त्या एका बोर्डाबाहेर कुठेच नसू शकते. बॅटरी दिसली तर हात न लावता छायाचित्र पाठवावे, आम्ही त्याच दिवशी कळवतो. बोर्डासोबत हार्ड डिस्क असल्यास ती विंडोजच्या संगणकाला जोडू नये, कारण डिस्क ‘इनिशियलाइज’ करू का, या प्रश्नाला होकार दिल्यास तिच्यावर लिहिले जाते. पावसाळ्यात बुरशी धरलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये.

वाचन झाल्यावर बोर्ड, प्रत्येक चिपेची फाइल, लेबलांची छायाचित्रे आणि अहवाल आम्ही आपल्याला परत देतो. आपल्या लेखी संमतीखेरीज फाइल अन्य कुणाला दिली जात नाही. बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, भोवती फोम देऊन, खोक्यात आडवा ठेवावा. सुट्या झालेल्या चिपा थर्माकोलमध्ये खोचू नयेत. थर्माकोलवर स्थिर वीज साठते आणि पायही वाकतात. त्यासाठी काळा वाहक फोम आमच्याकडून मागवल्यास विनामूल्य पाठवतो. लेबले यापूर्वीच काढली गेली असतील, तर खिडक्यांवर लगेच काळी इन्सुलेशन टेप लावावी आणि निघालेली लेबले, फाटलेली असली तरी, कोऱ्या कागदावर चिकटवून द्यावीत. कोणते लेबल कोणत्या चिपेचे हे नक्की आठवत असेल तेवढेच लिहावे. अंदाजाने ती चिपांवर परत चिकटवू नयेत.