नवसागराचं ‘संप्लवन’: एका प्रयोगामागचा इतिहास

पदार्थाच्या अवस्था लेक्चरमध्ये समजावणं तसं जुनंच, बर्फ वितळताना लागणारी सुप्त उष्णता ग्लासगोत १७६० च्या दशकातच शिकवली जात होती आणि लंडनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी प्रयोगांची व्याख्यानं सुरू झाली. पुढे १८३५ मध्ये घन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ड्राय आइस मिळाला. इथवर काही वाद नाही.

वाद आहे तो संप्लवनाच्या, म्हणजे घन न वितळता थेट वायू होण्याच्या, नेहमीच्या प्रयोगात. बाष्पनपात्रात नवसागर (अमोनियम क्लोराइड), वर उलटं नरसाळं, टोकाला कापसाचा बोळा, खालून बर्नर, आणि नरसाळ्याला आतून पांढरा थर बसला की सांगायचं, बघा, घनाचा थेट वायू झाला आणि परत घन. पण तसं होतच नाही! नवसागर तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि गार जागी ते पुन्हा एकत्र येतात, म्हणजे हा चक्क रासायनिक बदल आहे.

आणि हे काही आत्ता कळलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नवसागराच्या वाफेची घनता अपेक्षेच्या निम्मीच भरत होती, त्यावरून काहींना समान आयतनात समान रेणू असतात हा नियमच चुकीचा वाटायला लागला. मग १८६२ मध्ये एका जर्मनभाषक केमिस्टने ती वाफ ॲस्बेस्टॉसच्या बोळ्याजवळ सोडली, अमोनिया हलका म्हणून आधी पलीकडे गेला, आम्लधर्मी हायड्रोजन क्लोराइड अलीकडे उरला, आम्ल-अल्कली ओळखणाऱ्या लिटमसने दोन्ही पकडले. विरोधक म्हणाले की ॲस्बेस्टॉसमुळेच विघटन झालं असेल, तर दुसऱ्या एकाने बोळाच नवसागराचा करून तोच निकाल दाखवला. इतकं होऊनही हा प्रयोग ‘भौतिक बदल’ म्हणून का दाखवत राहायचा? माझ्या मते तो काढायला नको, फक्त विघटनाच्या धड्यात हलवायला हवा, ओला तांबडा लिटमस जवळ धरला तर तो निळा होताना मुलांना स्वतः दिसेल.

संप्लवनासाठी ड्राय आइस उत्तम, साध्या दाबाला तो उणे ७८.५ अंशांवर सरळ वायू होतो. आयोडीनही चालतं पण जपून, ते ११३.७ अंशांना वितळतं, त्यामुळे ज्योतीवर धरलं तर तळाशी काळा द्रव होतो आणि जांभळ्या वाफेत तो कुणाला दिसत नाही, मग ‘आयोडीन वितळतच नाही’ हा दुसरा गैरसमज पसरतो. वाफ विषारी असते म्हणून दोनचार कण सीलबंद नळीत ठेवून नळी गरम पाण्यात बुडवायची, तिथे तापमान शंभरच्या वर जात नाही, म्हणून द्रव न होता वाफ होते.