कवच नसलेले अंडे काय सांगते

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईतल्या मनोरीच्या गावठाणात राहणाऱ्या एका मैत्रिणीने खुराड्यातून काढलेले अंडे माझ्या हातावर ठेवले. त्याला कवचच नव्हते. तळहातावर ते पाणी भरलेल्या पातळ पिशवीसारखे एका बाजूला कलत होते आणि उजेडात धरले की आतला बलक हलताना दिसत होता. तिच्या सासूबाईंनी दृष्ट लागल्याचे ठरवून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. शेजाऱ्यांचे म्हणणे, कोंबडी दाणे टिपते आहे, म्हणजे ठणठणीत आहे. या दोन निदानांपैकी मला दुसऱ्याची अधिक धास्ती वाटते, कारण ते शहाणपणाचे वाटते.

कोंबडी आजार लपवते. कळपात दुबळी ठरलेली कोंबडी इतरांच्या चोचींना बळी पडते, म्हणून अंगात त्राण नसतानाही ती दाण्यांपाशी जाते, दाणा उचलते आणि खाली टाकते. खरी साक्ष गळ्याशी असलेल्या अन्नाच्या पिशवीची. खुराड्यात शिरताना ती हाताला भरलेली लागली पाहिजे आणि सकाळी रिकामी. संध्याकाळी रिकामी असेल तर कोंबडीने खाल्लेलेच नाही. सकाळीही कणकेच्या गोळ्यासारखी फुगलेली असेल तर खाल्लेले पुढे सरकलेले नाही. मात्र अंडी देणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत अनेकदा या पिशवीच्याही आधी अंडे बोलते.

बलक बीजकोशातून सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत साधारण 24 ते 26 तास लागतात. त्यांपैकी पांढरा बलक आणि त्यावरचा पातळ पापुद्रा तयार होण्यास चार-पाच तास पुरतात. उरलेले सुमारे 20 तास अंडे कवच घडवणाऱ्या ग्रंथीत मुक्काम करते. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असते, तर कोंबडीच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम 25-30 मिलिग्रॅम. म्हणजे कवच घडत असताना रक्तातले कॅल्शियम दर पंधरा-वीस मिनिटांनी जणू नव्याने भरावे लागते, आणि तेही बहुतांशी रात्री, कोंबडी झोपेत आणि उपाशी असताना. त्यासाठी तिच्या मांडीच्या आणि पायाच्या लांब हाडांच्या पोकळीत अंडी सुरू होण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाने एक वेगळे, ठिसूळ हाड तयार होते. रात्री त्यातले कॅल्शियम विरघळून रक्तात उतरते आणि दिवसाच्या दाण्यातून ती गंगाजळी पुन्हा भरली जाते.

पण कवच नुसत्या कॅल्शियमचे नसते, ते कॅल्शियम कार्बोनेटचे असते, आणि त्यातला कार्बोनेट कोंबडीच्या शरीरातल्या कार्बन डायऑक्साइडपासून येतो. मुंबईचा मे इथे आड येतो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकत, घशातल्या ओलाव्याचे बाष्पीभवन करून ती अंग थंड ठेवते. समुद्रकाठच्या दमट हवेत हे बाष्पीभवन धड होत नाही, म्हणून ती आणखी वेगाने धापा टाकते. प्रत्येक श्वासासरशी कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अधिक अल्कधर्मी होते, त्यातला बायकार्बोनेट, म्हणजे कवचातला कार्बोनेट ज्यापासून बनतो तो घटक, घटतो आणि कवचाचा कच्चा मालच अपुरा पडतो. या कारणासाठी उन्हाळ्यात कोंबड्यांना सोडावॉटरसारखे कार्बन डायऑक्साइड विरघळवलेले पाणी पाजून कवचाची प्रत सुधारते का, हे पाहणारे प्रयोगही झाले आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या हळद-लसणाच्या 'रामबाण' काढ्यात मात्र ना पुरेसे कॅल्शियम असते ना कार्बोनेट.

तेव्हा दुपारी पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारी कोंबडी उकाड्याने बेजार झालेली असू शकते. पहाटेच्या गारव्यातही जी चोच उघडून श्वास घेते, घरघरते किंवा मान ताणते, ती आजारी. लालबुंद तुरा फिकट पडला तर रक्तक्षय किंवा अंगावरचे गोचीड-पिसवा शोधाव्यात (अंडी थांबली तरी तुरा आक्रसतो); तो निळसर-जांभळा झाला तर रक्ताला प्राणवायू पुरत नाही आणि थांबण्यात अर्थ नाही. शेपटी खाली, पिसे फुललेली आणि पेंग्विनसारखे उभे राहून कुंथणारी कोंबडी बहुधा अंडे अडकलेली असते. खुडूक बसलेली कोंबडीही पिसे फुलवते, खाणे कमी करते आणि अंडी थांबवते. पण तिला हात लावून पाहा, ती अंगावर येते. आजारी कोंबडी उचलू देते.

कोंबडी आरवली की अपशकुन मानून तिची मान मुरगळणारे अजून आहेत. वस्तुस्थिती अशी की कोंबडीचा सहसा डावा बीजकोशच काम करतो; तो रोगाने निकामी झाला तर उजव्या बाजूचा अविकसित अवयव वाढून नर-संप्रेरक स्रवू लागतो आणि ती आरवते. तो कोंबडीच्या आजाराचा निरोप असतो, घरावरच्या संकटाचा नव्हे.

मऊ अंडे दिसल्यावर मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: एकीचे की सगळ्यांचे? एकाच कोंबडीचे असेल तर आहार, उष्मा किंवा वय यांत कारण शोधावे. अनेकींची अंडी एकदम घटली, कवचे पातळ किंवा वेडीवाकडी झाली आणि जोडीला हिरवट पातळ विष्ठा, लुळे पाय वा पिळवटलेली मान दिसली, तर ती मानमोडी, म्हणजेच राणीखेत असू शकते. हा विषाणू अंडनलिकेलाही इजा करतो. 1926 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ तो ओळखला गेला, म्हणून जगभर त्या गावाचे नाव चालते. त्यावर औषध नाही, लस आहे. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हापासून आणखी एक पथ्य आले आहे: एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या कापू नयेत, खाऊ नयेत, खाडीत फेकू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

मनोरीची गोष्ट एकीचीच होती. खुराडे पत्र्याखालून काढून आंब्याच्या सावलीत नेले आणि सासूबाईंनीच कालवणातल्या तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, वाळवून, जाडसर कुटून दिले. पूड न करता जाडसर अशासाठी, की मोठे कण पोटात सावकाश विरघळतात आणि रात्री, कवच घडत असताना, कॅल्शियम पुरवत राहतात. पाचव्या दिवशी आलेल्या अंड्याला कवच होते, फक्त निमुळत्या टोकाशी ते अजून खरखरीत लागत होते.