सत्तर टक्के की शंभर टक्के? लो-फ्लोअर ट्राममधला खरा फरक

कोल्हापुरात केएमटीच्या (महापालिकेच्या) बसची पायरी चढताना गुडघ्यावर हात टेकणारी आजी पाहिली की सखल मजल्याची गाडी का हवी हे वेगळं सांगावं लागत नाही. पण ट्रामच्या बाबतीत ‘लो-फ्लोअर’ म्हणून दोन वेगळ्या गाड्या विकल्या जातात, एकीचा साधारण सत्तर टक्के मजला सखल, दुसरीचा शंभर टक्के, आणि फलाटावर उभं राहून त्या ओळखू येत नाहीत.

जुन्या ट्रामचा मजला रुळापासून साधारण ९०० मिमी उंच. लो-फ्लोअरमध्ये तो ३०० ते ३५० मिमीवर येतो. फलाट त्याच उंचीचा बांधला की व्हीलचेअर सरळ आत. सत्तर टक्केवालीतही बहुतेक दारं या खालच्या मजल्यालाच असतात; आत शिरून टोकाकडे गेल्यावर एक-दोन पायऱ्या लागतात. शंभर टक्केवालीत पायरी नाही. मात्र हे ‘शंभर टक्के’ मधल्या वाटेपुरतं. चाकांवरच्या खोक्यांवर बसवलेल्या सीटवर तिथेही चढूनच बसावं लागतं.

त्या एक-दोन पायऱ्यांखाली काय दडलंय, ते महत्त्वाचं. तिथे मोटरची बोगी, म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट असते. ती गाडीखाली वळते आणि तिची चाकं अखंड ॲक्सलवर, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. ६०० मिमी व्यासाच्या चाकाचा ॲक्सल रुळापासून ३०० मिमीवर येतो. वर स्प्रिंगला खेळायला जागा हवी. मजला ३५०वर आणायचा तर मधला सरळ ॲक्सल काढावाच लागतो आणि बहुधा चाकं सुटी होतात, म्हणजे डावं-उजवं चाक आपापलं फिरतं. सत्तर टक्केवालीत असं फक्त मधल्या, बिनमोटरच्या बोगीत करतात.

सुटं चाक का त्रास देतं, हे उद्यमनगरात लेथवर टेपर काढणाऱ्याला पटकन कळेल. रुळावरच्या चाकाला टेपर असतो, आतल्या बाजूला घेर मोठा. चहाचे दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि उतरत्या धरलेल्या दोन समांतर पट्ट्यांवरून सोडा. जोडी डावीकडे सरकली की डावा कप मोठ्या घेरावर चालतो, जास्त अंतर कापतो आणि जोडी आपोआप मध्यावर येते. हेच कप एका काडीवर सुटे फिरू दिले की हा गुण गेला. मग वळणात चाकाची फ्लँज, म्हणजे आतल्या बाजूची उंच कड, रुळाला घासते, दोन्ही झिजतात आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो.

शंभर टक्केवालीची दुसरी अडचण म्हणजे बोगी वळली तर चाकं मधल्या वाटेत घुसतात. म्हणून बऱ्याच गाड्यांत बोगी आखूड डब्याखाली जवळजवळ पक्की धरतात आणि पुढचा बिनचाकांचा डबा अशा दोन डब्यांमध्ये टांगतात. वळणावर अख्ख्या डब्याचा धक्का रुळावर आणि सांगाड्यावर येतो. सीमेन्सच्या कॉम्बिनो गाड्यांच्या ॲल्युमिनियम सांगाड्यात २००४ साली भेगा सापडल्या, कारण सांगाड्यावर येणारा पीळ अंदाजापेक्षा जास्त निघाला. प्रागच्या स्कोडा १५टीने यावर उत्तर काढलं: बोग्या वळत्या ठेवल्या, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर दिली आणि बोगीवर मजला थोडा उचलला. गाडी उत्तम, पण गुंतागुंत आणि खर्च वाढतो.

बिंदू चौक, महाद्वार रोड अशा जुन्या भागात २०-२५ मीटर त्रिज्येची वळणं घ्यायची झाली तर आमचं मत सत्तर टक्केवालीला. व्हीलचेअर जिथे थांबते तो भाग तिच्यातही सपाटच आहे. रेल्वे स्टेशन ते विद्यापीठ अशा मोकळ्या रस्त्यावर, जिथे गर्दी सगळ्या दारांतून झटपट चढ-उतार करणार, तिथे शंभर टक्केवाली शोभेल.

गाडी कुठलीही घेतली तरी उंबरठ्याची उंची मोजत राहावं लागतं. चाक झिजून आणि लेथवर घासून ६००चं ५४० झालं की मजला ३० मिमी खाली येतो. स्प्रिंगखाली वेळेवर पॅकिंग दिलं नाही, तर बाहेर सरकून उघडणारं दार फलाटाच्या कडेला घासतं आणि व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं त्याच कडेला अडकतात.